मानतो ते दिवसात कुठे दिसतं?

प्रामाणिकपणा, आरोग्य, जवळच्या माणसांना वेळ, दिलेला शब्द पाळणं. मी काय मानते असं कुणी विचारलं असतं, तर ही यादी माझ्याकडे तयार होती. पण सकाळी कामाला बसल्यावर त्यातलं आज नेमकं काय करायचं, हे त्या यादीतून कळत नव्हतं. ते शोधून काढायला बसले आणि काम वाटलं होतं त्याहून बारकाईचं निघालं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे तत्त्व, उजवीकडे आजची कृती. अट एकच ठेवली: उजवीकडचं वाक्य वाचून संध्याकाळी कुणालाही 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढं सांगता आलं पाहिजे. 'प्रामाणिकपणे काम करीन' हे या अटीत बसेना. खूप खाडाखोड करून शेवटी लिहिलं, 'अहवालातला जो आकडा मी स्वतः पडताळलेला नाही, त्याच्यापुढे पडताळणी बाकी असं लिहीन.' हे बसलं.

मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये एका लेखात दाखवून दिलं होतं, की नुसत्या संकल्पापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवलं, तर तो तडीस जाण्याची शक्यता वाढते. म्हणून 'रोज चालेन' खोडून 'दुपारी जेवून उठले की थेट चालायला निघेन' असं केलं. आईचा फोन आला की लॅपटॉप मिटून बोलायचं, हेही तसंच. या दोन्ही गोष्टी फारसा त्रास न होता अंगवळणी पडल्या.

खरा कस लागला तो दोन तत्त्वं एकमेकांसमोर उभी राहिली तेव्हा. अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचं कबूल केलेलं, आणि निम्मे आकडे पडताळायचे राहिलेले. शब्द पाळू की आकडे तपासू? सकाळीच वही उघडून दोन ओळी लिहिल्या. 'माहीत आहे: मुदत आज संध्याकाळची. गृहीत धरलंय: सगळे आकडे आजच लागणार.' दुसरी ओळ मला कुणीच सांगितलेली नव्हती. लगेच फोन केला, "सर, निम्मे आकडे तपासायचे राहिलेत. आज कोणते लागतील?" ते म्हणाले, "बैठकीपुरते पहिल्या पानावरचे पक्के करून द्या, बाकीचे सावकाश होऊ देत." ज्याला मी तत्त्वांचा पेच समजत होते, तो एका फोनने सुटला. सगळे पेच असे सुटत नाहीत, हे मान्य. तरी अडले की आता आधी हेच तपासते, की यातलं मला माहीत काय आहे आणि मी धरून काय चाललेय.

एका वेळी किती ओळी धरायच्या, हा प्रश्न अठराव्या शतकातल्या अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनमुळे सुटला. त्याने स्वतःसाठी १३ गुण ठरवले होते आणि एकेका आठवड्यात एकाच गुणावर खास लक्ष ठेवायचा. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात ४ फेऱ्या. मला ही पद्धत मनापासून पटली. सगळंच एकदम सुधारायला निघालं की संध्याकाळी वही उघडावीशीच वाटत नाही.

या आठवड्यात पाळी आहे शब्द पाळण्याची, आणि ती माझ्यासाठी सगळ्यांत अवघड. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय, की आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता हे ठाऊक असूनही माणूस नव्या कामाला कमीच वेळ धरतो. म्हणून कुणी काम सांगितलं की 'हो' म्हणण्याआधी मागच्या तशाच कामाची नोंद बघते, आणि तोवर एवढंच म्हणते, "बघून तासाभरात कळवते." तो तासही वहीत लिहून ठेवते, कारण तोही दिलेला शब्दच आहे.