बॅटरी नवी, तरी सेल्फ कुंथतोय

जूनमध्ये नवीन बॅटरी टाकली आणि दिवाळीला गाडी पुन्हा तशीच. सकाळी चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, घुं… घुं… करत कुंथायचा, मग कसंबसं इंजिन पकडायचं. आईला डोळे तपासायला कणकवलीला न्यायचं होतं, त्या दिवशी ते पकडलंच नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती तासभर पडवीत बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. ते मला फार लागलं. रविवारी मीच बॉनेट उघडलं.

गॅरेजात "बॅटरी गेली हा, बदला" एवढंच सांगितलं होतं. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा पेट्रोल नि प्लग बघायचे. आमचा सेल्फच जड फिरत होता.

मल्टीमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट. इंजिन पेटू नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि चुलतभावाला चावी फिरवायला बसवलं. सेल्फ कुंथत असताना बॅटरीवर ११.३. इथे मी थबकलो. बॅटरी खचलेली असती तर आकडा ९ च्या आसपास कोसळला असता. तिच्यात जोर होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. पुन्हा चावी. १.६ व्होल्ट! तिथे पाव व्होल्टसुद्धा जास्त. म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे करंट परत येण्याच्या वाटेतच एवढा जोर वाया जात होता.

इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थिंगची जाळीदार पट्टी वरून बरी दिसत होती, पण हात लावला तर गरम. नट सोडला, तर खाली सगळी हिरवी भुकटी. मिठमुंबरीचा किनारा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हा खारा वारा खिडकीचे गज खातो, तांब्याला कुठला सोडतोय! खात्रीसाठी जंपर केबल, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनला लावली, फ्यूज परत बसवला. पहिल्याच झटक्याला गाडी चालू. आई पडवीतून उठून बघायला आली.

नवीन पट्टी टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नट आवळून वरून ग्रीस फासलं. आता तोच आकडा ०.१ येतो. किनाऱ्याला राहणाऱ्यांनी बॅटरीचे पैसे मोजण्याआधी ती केबल एकदा लावून बघाच.

जूनमध्ये दुकानात जुनी बॅटरी देऊन आलो होतो. तिचाही बहुतेक काही दोष नव्हता.