चोवीस गाड्या आणि एक बाक

बागेच्या दक्षिणेकडची ६० मीटर लांब आणि ११ मीटर रुंद पट्टी पार्किंगसाठी घ्यावी, असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर तीन सह्या आधीच झालेल्या होत्या. काटकोनात उभ्या राहणाऱ्या गाडीला ५ मीटर खोली लागते आणि तिला आत-बाहेर करण्यासाठी समोर आणखी ६ मीटरचा मार्ग सोडावा लागतो, म्हणून ११ मीटर. अडीच मीटरला एक गाडी धरली की ६० मीटरमध्ये २४ गाड्या बसतात. म्हणजे एका गाडीमागे साडेसत्तावीस चौरस मीटर जमीन जाते आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक गाडी उभी करण्यासाठी नसून नुसती वळवण्यासाठी असते. हा हिशेब बैठकीत कोणी मांडत नाही. तिथे फक्त ‘२४ जागा वाढतील’ एवढेच वाक्य फिरत राहते.

जागा अपुरी असल्याचा पुरावा म्हणून फाइलीत सकाळी अकरा वाजताची एकच गणना जोडलेली होती. अशी गणना मी मानत नाही, कारण ती रस्ता भरलेला आहे एवढेच सांगते, तो कोणी आणि किती वेळ भरला आहे हे सांगत नाही. त्यासाठी दर अर्ध्या तासाने ठरलेल्या क्रमाने प्रत्येक जागेपाशी जाऊन क्रमांकपट्टीवरचे शेवटचे चार आकडे लिहावे लागतात. काम कंटाळवाणे आहे, पाय दुखतात आणि म्हणूनच ते टाळले जाते. सहकाऱ्याला सोबत घेऊन मी सकाळी सात ते संध्याकाळी सात अशा २५ फेऱ्या केल्या. बागेलगतच्या दोन रस्त्यांवर मिळून ८० जागा होत्या आणि अकरा वाजता त्यांपैकी ७८ भरलेल्या होत्या. पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे नव्याने येणाऱ्याला एखादी मोकळी जागा सापडते, असे मांडले होते. त्या मापाने आमचा रस्ता तुडुंब होता आणि फाइलीतली तक्रार खोटी नव्हती.

पण दुपारी दोनच्या फेरीपासून माझ्या लक्षात येऊ लागले की मी तेच तेच आकडे पुन्हा लिहीत आहे. संध्याकाळी तक्ता जुळवला तेव्हा ३३ गाड्या सहा तासांहून अधिक काळ जागच्या हललेल्याच नव्हत्या. जी जागा तासातासाने मोकळी होते ती दिवसभरात आठ-दहा जणांच्या उपयोगी पडते. या ३३ जागा प्रत्येकी एकाच माणसाच्या कामी आल्या होत्या. त्यांतले सात क्रमांक मला पाठ होते, कारण त्या गाड्या आमच्याच कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या होत्या. प्रस्तावावर सही करणाऱ्या एका वरिष्ठांची गाडीही त्यांत होती. चालत पाच मिनिटांवर कार्यालयाचीच मोकळी जागा असताना आम्ही बागेच्या दाराशी दिवसभर गाड्या लावत होतो आणि तिथे जागा नाही म्हणून बाग कापायला निघालो होतो. हे मी अहवालात कोणाचेही नाव न घेता, पण संख्येसह लिहिले.

त्याहून जास्त राग मला आराखड्यातल्या झाडांचा आला. ‘तिन्ही झाडे कायम राखून’ असे त्यावर लिहिले होते आणि प्रत्येक झाडाभोवती २ मीटर व्यासाचे वर्तुळ काढले होते. छातीच्या उंचीवर मोजलेल्या बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत मुळांना धक्का लावू नये, हा आमच्या कामातला साधा ठोकताळा आहे. सर्वांत मोठ्या झाडाचा बुंधा ८० सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या साडेनऊ मीटरच्या वर जाते. मी बुंध्यापासून ७ मीटरवर हाताने चर खणून घेतला, तर जेमतेम एक वीत खोलीवर मनगटाएवढे जाड मूळ निघाले. झाडाची बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात आणि पार्किंगच्या पायासाठी नेमकी तीच माती उकरून, रोलर फिरवून दाबली जाते. असे झाड लगेच मरत नाही. ते काही वर्षे वरून वाळत जाते, आणि तोवर कंत्राटदाराची हमी संपलेली असते. पोकळ ठोकळ्यांत गवत लावून ‘हिरवे पार्किंग’ करू, असे एका सहकाऱ्याने सुचवले. दिवसभर गाडीच्या सावलीत गवत जगत नाही आणि खालची माती त्यातही दाबावीच लागते, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते.

एवढी तयारी करून मी नागरिकांच्या बैठकीला गेले, आणि तिथे एका बाईंनी मला थांबवले. त्यांच्या पतींना चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही. “मॅडम, पाच मिनिटांचं चालणं तुमच्यासाठी पाच मिनिटांचं. मी ह्यांना बागेत आणायचं तरी कसं?” माझ्या २५ फेऱ्यांच्या तक्त्यात त्या नव्हत्या, कारण जागा मिळणार नाही या खात्रीने त्या कधी आल्याच नव्हत्या. न आलेला माणूस क्रमांकपट्ट्यांच्या गणनेत सापडत नाही, हे मला इतक्या वर्षांत सुचायला हवे होते.

पट्टीचा प्रस्ताव मागे घेतला गेला. रस्त्यावर दोन तासांची मर्यादा आली, आमच्या गाड्या कार्यालयाच्या जागेत गेल्या, आणि बागेच्या दाराजवळचा कोपरा घेऊन तीन रुंद जागा केल्या. खुर्ची गाडीशेजारी उघडायची तर ३.६ मीटर रुंदी हवी आणि जमीन सपाट, टणक हवी, त्यामुळे तिथे ५४ चौरस मीटर फरसबंदी झाली. त्या आराखड्यावर सही माझी आहे.

त्या कोपऱ्यात एक बाक होता. गणनेच्या दिवशी मी सहज तक्त्याच्या समासात तिथे बसलेल्यांच्या खुणा केल्या होत्या, कारण माणसांसाठी रकानाच नव्हता. काही जण दोनदा मोजले गेले असतील हे धरूनही त्या खुणा ४० च्या वर होत्या, बागेतल्या इतर कुठल्याही बाकापेक्षा जास्त. आम्ही तो बाक उचलून पलीकडच्या भिंतीजवळ ठेवला. परवा चारच्या सुमारास मी गेले तेव्हा त्या बाई पतींना घेऊन आल्या होत्या, गाडी दाराशी होती. भिंतीजवळच्या बाकावर मात्र थेट ऊन पडले होते आणि त्यावर कोणीही बसलेले नव्हते. चारनंतरची सावली अजूनही त्या तीन गाड्यांच्या जागेवरच पडते.