ओगावांची फुलं

आजचा रविवार जपानी छायाचित्रकार ओगावा काझुमासा यांच्या फुलांत गेला. १८९६ सालचं त्यांचं ‘सम जॅपनीज फ्लॉवर्स’ हे छायाचित्रांचं पुस्तक. शेवंती, लिली, आणि ती कमळं! पानांच्या शिरांवरून नजर हलेना.

रंगीत छायाचित्रांच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या १९०७ मध्ये. म्हणजे हे रंग कॅमेऱ्याने टिपलेले नाहीतच, मागाहून चढवलेले आहेत. तरी किती संयम!

छपाई कोलोटाइपची, ओगावा हे तंत्र अमेरिकेत, बॉस्टनला शिकले. काचेवर जिलेटिनचा थर असतो. उजेड लागेल तिथे तो कडक होऊन शाई धरतो, उरलेला भाग ओलावा धरून शाईला दूर ठेवतो. नेहमीच्या छपाईतले ठिपके इथे नसतात, त्यामुळे स्कॅन बराच मोठा केला तरी पाकळीवरची सावली सलग उतरत जाते.

हल्ली प्रिंट विकताना काही जण रंग भडक करतात, पिवळसर कागद पांढराफटक करून टाकतात. फार वाईट वाटतं. तो फिका गुलाबी तसाच राहू द्या ना! कुणी घेणार असाल तर आधी अमेरिकेतल्या गेटी म्युझियमच्या संग्रहातल्या मूळ प्रतीचा फोटो बघा आणि रंग ताडून घ्या.