झेडएफएस प्रतिकृतीची स्क्रिप्ट: समाईक स्नॅपशॉट शोधण्याचा टप्पा

घरच्या सर्व्हरवरील झेडएफएस (एक फाइल प्रणाली) पूलची, म्हणजे तिच्या डिस्कच्या एकत्रित साठ्याची, प्रत रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर पाठवणाऱ्या बॅश स्क्रिप्टचा मुख्य भाग या टप्प्यात नव्याने लिहिला. शेवटचा पाठवलेला स्नॅपशॉट (डेटाची एका क्षणाची गोठवलेली स्थिती) कोणता, हे आधीची आवृत्ती एका मजकूर फाइलमध्ये नोंदवत असे. ती फाइल आता काढून टाकली आहे, कारण खरी स्थिती फक्त दोन्ही पूलना ठाऊक असते आणि फाइल हाताने बदलता येते, हरवते किंवा मागे पडते.

आता स्क्रिप्ट दोन्हीकडच्या स्नॅपशॉटची नावे आणि जीयूआयडी (प्रत्येकाचा वेगळा ओळखक्रमांक) मागवते आणि दोन्ही याद्यांमध्ये आढळणाऱ्या सर्वांत अलीकडच्या जीयूआयडीपासून पुढचा फरक पाठवते. स्नॅपशॉटचे नाव बदलता येते, किंवा तो पुसून त्याच नावाचा दुसरा घेता येतो. जीयूआयडी मात्र सेंड-रिसीव्हनंतरही, म्हणजे पाठवण्याच्या आणि स्वीकारण्याच्या आज्ञांनंतरही, तोच राहतो, म्हणून तुलना नावांवर सोडलेली नाही.

सर्वाधिक विचार करावा लागला तो पाइपलाइनचा, म्हणजे एका आज्ञेचा निकाल पुढच्या आज्ञेला देणाऱ्या साखळीचा. समोरच्या यंत्राची यादी एसएसएचवरून (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) आणून ती सॉर्टला (क्रम लावणारी आज्ञा) दिली आणि जोडणीच झाली नाही, तर सॉर्टला रिकामा मजकूर मिळतो, तो यशस्वीपणे संपतो आणि स्क्रिप्टची समजूत होते की पलीकडे एकही स्नॅपशॉट नाही. मग ती पूर्ण प्रत पाठवू लागते. तिकडे आधीपासून डेटासेट (पूलमधील डेटाचा विभाग) असल्यामुळे रिसीव्ह तो प्रवाह नाकारते, हे खरे. पण नकारावर भिस्त ठेवण्यापेक्षा आधीच थांबणे बरे. ‘सेट’मधील पाइपफेल हा पर्याय सुरू केला की पाइपलाइनमधील कोणतीही आज्ञा फसली तरी ते अपयश वर कळते आणि, सोबत ‘सेट -e’ असेल तर, स्क्रिप्ट तिथेच बंद पडते.

रिसीव्हला मोठा एफ (-F, प्रतीतले बदल जबरदस्तीने मागे घेणारा) हा पर्याय जाणीवपूर्वक दिलेला नाही. सेंडच्या मोठ्या आर (-R) या पर्यायाने बनवलेल्या वाढीव प्रवाहासोबत तो दिल्यास मूळ पूलमध्ये नसलेले स्नॅपशॉट प्रतीतूनही पुसले जातात. म्हणजे इकडे चुकून काही उडाले तर दुसऱ्या रात्री ते तिकडूनही जाते, आणि मग त्याला बॅकअप म्हणण्यात काय अर्थ? हा पर्याय नसेल तर प्रतीला जरा धक्का लागताच रिसीव्ह अडून बसते. फाइली नुसत्या चाळल्या तरी वाचनवेळेची नोंद बदलते आणि तेवढे कारण पुरते. त्यावर उपाय म्हणून समोरचा डेटासेट रीडओन्ली (फक्त वाचता येणारा) केला आहे. तसे केल्याने रिसीव्हला काही अडचण येत नाही.

ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ (आज्ञा शोधण्याच्या जागांची यादी) तोकडा असल्याने आज्ञांचे पूर्ण मार्ग लिहिले आहेत, आणि एक फेरी चालू असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (कुलूप लावणारी आज्ञा) वापरला आहे.

मूळ पूलमधील जुने स्नॅपशॉट पुसण्याआधी स्क्रिप्ट आता त्यांचे बुकमार्क (डेटा न ठेवता त्या क्षणाची नुसती खूण) करते. बुकमार्क जवळपास जागा घेत नाही, आणि समोरचा स्नॅपशॉट शाबूत असेल तर तिथून पुढचा फरक पाठवता येतो. मात्र त्यासाठी सेंडचा लहान आय (-i) हाच पर्याय वापरावा लागतो, मोठा आय (-I) चालत नाही. अर्धवट तुटलेला प्रवाह टोकनच्या (प्रवाह कुठवर आला ते सांगणाऱ्या खुणेच्या) आधारे पुढे नेण्याचा भाग अजून बाकी आहे. त्याच्या चाचणीसाठी साध्या फाइलींवर छोटे पूल बांधले आहेत, म्हणजे मुद्दाम जोडणी तोडताना खऱ्या डेटाची काळजी राहणार नाही.