इथे गिऱ्हाईक कोणीच नाही

तोक्योतल्या ऑगस्टच्या उन्हात एका विशीतल्या स्वयंसेवकाने माझ्यासमोर कमरेत वाकून चौथ्यांदा क्षमा मागितली आणि चौथ्यांदा तेच सांगितले, की मुलीने घरूनच वेष चढवून येणे नियमात बसत नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिने काळा फ्रॉक, त्यावर पांढरा एप्रन आणि डोक्यावर टोकदार काळी टोपी घातली होती, कारण 'तोहो' नावाच्या संगणक खेळातली मारिसा ही चेटकीण तिचे दैवत आहे. तो सगळा साज अंगावर घेऊनच ती आमच्यासोबत शिन-किबाला गाडी बदलून कोकुसाई-तेन्जिजो स्थानकावर उतरली होती आणि वाटेत एका आजीबाईंनी तिचे कौतुकही केले होते. तरीही कॉमिक मार्केट या चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांच्या मेळ्याचा, म्हणजे इथल्या बोलीत 'कोमिके'चा, नियम असा की वेष आत आल्यावर, ठरवून दिलेल्या खोलीत, शुल्क भरून चढवायचा आणि घरी जाण्याआधी तिथेच उतरवायचा. त्यामुळे आम्ही टोपी पिशवीत कोंबली, फ्रॉकवर माझा सदरा चढवला, रांगेत उभे राहिलो, पैसे भरले, आणि माझी बायको मुलीला आत घेऊन गेली ती माझा सदरा काढून तोच फ्रॉक पुन्हा नीट करण्यासाठी. या कार्यात पाऊण तास गेला.

मी परभणीचा आहे. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात क्रिकेट खेळून मोठा झालो, त्यामुळे इथल्या पस्तीस अंशांना भीत नाही असे मी सहकाऱ्यांना अनेकदा सांगितले आहे. पण समुद्राकाठच्या त्या दमट हवेत पाऊण तास उभे राहिल्यावर मला ते वाक्य मागे घ्यावेसे वाटले. उन्हापेक्षाही मला तो नियम झोंबला. आमच्या गल्लीत वर्षातून एकदा बहुरूपी यायचा, तो पोलीस इन्स्पेक्टर होऊन. शिट्टी, पट्टा, खोट्या मिश्या, हातात वही. तो थेट दुकानात शिरून "तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय" असे दरडावायचा आणि नव्याने गावात आलेला एखादा दुकानदार खरोखरच घाबरून पाण्याचा तांब्या पुढे करायचा. तो बहुरूपी त्याच वेषात एसटीने यायचा आणि त्याच वेषात पुढच्या गावाला जायचा. त्याला कोणी कपडे बदलायची खोली दाखवली नाही. कोमिकेच्या नियमांत पोलिसांचा सध्या वापरात असलेला गणवेशही वर्ज्य आहे, हे वाचल्यावर मला त्या माणसाची फार आठवण आली. सोंग आणायचे आणि ते सोंग आहे हे आधीच जाहीर करायचे, यात मजा ती काय राहिली, असे मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "मजा मुलीला येतेय, तुम्ही बाजूला उभे राहा."

नियमाचे कारण मला मागाहून कळले, आणि ते कळल्यावर माझा राग ओसरला असे मी लिहिणार होतो. पण तो पूर्ण ओसरलेला नाही. हा मेळा कोणा कंपनीचा नाही. तो चाहत्यांनी चालवलेला आहे आणि भाड्याच्या सभागृहात भरतो. 1991 मध्ये काही पुस्तिकांच्या अश्लीलतेवरून गदारोळ झाला, तेव्हा माकुहारीच्या सभागृहाने ऐन वेळी जागा नाकारली आणि सगळा पसारा हारुमीला परत न्यावा लागला. जागा जाणे म्हणजे मेळा जाणे, ही धास्ती तेव्हापासून अंगात मुरलेली असावी. म्हणून रात्रीपासून रांग लावायची नाही, वेषात रस्त्यावर फिरायचे नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलायला जागा ठेवायची नाही. आपल्याकडे गणपतीच्या मंडळाला रस्त्यातला मांडव हा जन्मसिद्ध हक्क वाटतो. इथे लाखो लोक जमवणारी मंडळी भाडेकरूच्या नम्रतेने वागतात. यातले कोणते बरे, हे मी ठरवलेले नाही. आमच्या मांडवामुळे वळसा घालावा लागलेल्या रिक्षावाल्यांना विचारले तर ते लगेच ठरवतील.

चार उलटे पिरॅमिड खांबांवर तोलून धरल्यासारख्या दिसणाऱ्या 'तोक्यो बिग साइट' या इमारतीत आत गेल्यावर मी दुसरी चूक केली. एका स्वयंसेविकेला मी विचारले, की गिऱ्हाइकांनी कोणत्या दाराने जायचे. तिने दार दाखवले आणि हळूच दुरुस्ती केली, की इथे गिऱ्हाईक कोणीच नसते, सगळे 'सांकाशा', म्हणजे सहभागी असतात. टेबलामागे बसून विकणारा सहभागी, विकत घेणारा सहभागी, आणि उन्हात उभे राहून आम्हाला अडवणारा तो मुलगाही बिनपगारी सहभागीच. हा शब्द पहिल्या दिवसांपासूनचा आहे. 21 डिसेंबर 1975 रोजी तोरानोमोन भागातल्या अग्निशामकांच्या सभागृहात पहिला कोमिके भरला तेव्हा चाहत्यांचे 32 गट होते आणि आलेले लोक सुमारे 700; त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा. महासाथीच्या आधीच्या शेवटच्या मेळ्याला, डिसेंबर 2019 मध्ये, चार दिवसांत साडेसात लाख हजेरी लागली होती.

आम्ही गेलो होतो ते मात्र आमच्या कार्यालयातल्या एका गृहस्थांसाठी. पन्नाशीचे, अबोल, बैठकीत तीन शब्दांच्या वर न बोलणारे. एकदा माझ्या मुलाने जोडून तयार केलेल्या, 'गुंदाम' या जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाच्या प्रतिकृतीचे छायाचित्र मी त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी ते मोठे करून पाहिले आणि म्हणाले, "साच्याच्या दांडीपासून भाग तोडताना नखाएवढे टोक राहिले आहे; ते दोनदा कापावे, एकदा लांबून आणि मग जवळून." त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी मला चिठ्ठीवर एक आकडा लिहून दिला. तो कोमिकेतल्या त्यांच्या टेबलाचा क्रमांक होता.

अर्धे टेबल. एका लांब टेबलाचे दोन भाग करतात आणि प्रत्येक गटाला साधारण 90 सेंटीमीटर लांबीची जागा मिळते. त्या जागेवर त्यांनी इस्त्री केलेले निळे कापड अंथरले होते, वर एकाच पुस्तिकेचा गठ्ठा आणि '500 येन' लिहिलेली पुठ्ठ्याची उभी पाटी. पुस्तिका अठ्ठावीस पानांची, मध्ये दोन टाचण्या मारलेली, आणि त्यात पहिल्या गुंदाम यंत्राच्या घोट्याच्या सांध्याचीच रेखाचित्रे होती. सबंध यंत्रमानव कुठेही नव्हता. फक्त घोटा होता, वेगवेगळ्या वर्षी निघालेल्या प्रतिकृतींमधला, पट्टीने मोजलेला, बाजूला बारीक अक्षरांत टिपा. मी खिशातून दहा हजारांची नोट काढली आणि त्यांच्या चेहऱ्यावर कार्यालयात कधी न दिसलेली व्यथा उमटली, कारण इथे सुटी नाणी घेऊन येणे हा सहभागाचाच भाग समजतात. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नोट मोडून दिली. पुस्तिका त्यांनी दोन्ही हातांनी दिली आणि वहीत एक रेघ ओढली. आपण चार उभ्या आणि एक आडवी रेघ मारून पाच मोजतो, ते पाच रेघांचे एक अक्षर पुरे करून मोजतात. तीस प्रती छापल्या होत्या, माझी बारावी. सगळ्या खपल्या तरी छपाईचा खर्च निघणार नव्हता, हे त्यांनी समाधानाने सांगितले.

गुंदामचे नशीबही मजेशीर आहे. एप्रिल 1979 मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा ती कोणी फारशी पाहिली नाही. 52 भागांचा बेत 43 वर आवरून जानेवारी 1980 मध्ये ती संपवली. तिला पुन्हा उभे केले ते पुनःप्रक्षेपणाने, चाहत्यांनी आणि जुलै 1980 मध्ये 300 येनला निघालेल्या प्लास्टिकच्या जोडणीच्या खेळण्याने. आणि चाहते नुसते पाहत बसले नाहीत. यंत्राला माणसासारखे हातपाय कशाला हवेत, हा प्रश्न कोणीही शहाणा माणूस विचारील. तर 1981 मध्ये निघालेल्या एका विशेषांकात चाहत्यांमधल्याच लेखकांनी उत्तर रचले, की अवकाशात इंधन न जाळता नुसते हातपाय झुगारून वळता यावे म्हणून. ही पदरची भर पुढे मूळ कथेतच मान्य झाली. म्हणजे आधी कथेतली फट शोधायची आणि मग ती आपल्या पैशाने, आपल्या वेळाने, फुकट बुजवून द्यायची. आमच्या गृहस्थांचा घोटा याच कुळातला.

हे सगळे दुसऱ्याच्या पात्रांवर चालते, हे उघड आहे. जपानी कायद्याने स्वामित्वहक्काचा भंग हा मूळ हक्कदाराने तक्रार केली तरच खटल्याला येत असे; 30 डिसेंबर 2018 पासून काही प्रकारांत तक्रारीशिवायही खटला भरता येतो, पण मूळ कृतीची हुबेहूब नक्कल नसलेल्या, तिच्यावर बेतलेल्या अशा चाहत्यांच्या पुस्तिका त्यातून बाहेर राहतील अशी काळजी घेतली गेली. हक्कदार बहुधा काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार याच अर्ध्या टेबलांमागून येतात हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या मुलीच्या 'तोहो'चा कर्ता तर संहिता, चित्रे, संगीत, आज्ञावली सगळे एकटाच करतो. 2002 च्या ऑगस्टमध्ये त्याने विंडोजवरचा पहिला तोहो खेळ याच मेळ्यात विकला, आणि त्याने आखून दिलेल्या मर्यादेत कोणीही त्याची पात्रे घेऊन लिहावे, काढावे, गावे अशी त्याची मुभा आहे.

इथे मला आमच्या शाळेविषयी लिहिणे भाग आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. बसस्थानकाजवळ एक रुपया भाड्याने दिवसभर हिंदी कॉमिक्स मिळत. नागराज, ध्रुव, डोगा. राज कॉमिक्सने 1986 मध्ये नागराज आणला, तो परभणीत आमच्या हाती येईपर्यंत पाने सुटलेला आणि डाळिंबाच्या डागांचा झालेला असे. सातवीत पैठणची सहल झाली, जायकवाडी पाहिले, आणि परत येऊन मी दोनशे पानी वहीत 'नागराज आणि नाथसागराचा राक्षस' अशी चित्रकथा काढली. शाळेचे वार्षिक हस्तलिखित निघायचे, त्यासाठी ती दिली. बाईंनी ती तिसऱ्या दिवशी परत केली, पहिल्या पानावर तांबड्या शाईत लिहिले होते, "दुसऱ्याचे पात्र घेणे म्हणजे चोरी. गणिताकडे लक्ष द्यावे." मी गणिताकडे लक्ष दिले. आज तोक्योत आहे तो त्यामुळेच, आणि बाईंचे चुकले असे म्हणायला मी धजत नाही; गावाकडे आईवडिलांचे औषधपाणी गणिताने चालले आहे, नागराजने नव्हे.

पण पैठणच्याच नाथांचा विचार मनातून जात नाही. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि बजावले, की तीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. बाईंची तांबडी शाई त्याच घराण्यातली म्हणता येईल. मात्र त्याच नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, तेव्हा ते त्यांच्या शिष्याने, गावबाने, पुरे केले असे आपण सगळे मानतो आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. जुळणाऱ्याला ताटात जागा असते आणि नुसती भर घालणाऱ्याला नसते, असा काही त्यात निवाडा असेल, तर सातवीतल्या मुलाला तो कोणीतरी समजावून सांगायला हवा होता.

आणि इथल्या लोकांचे सगळेच घ्यावे असेही नाही. योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर 2020 ते मार्च 2024 या काळात 18 मीटर उंचीचा, हातपाय हलवणारा गुंदाम उभा होता. मी तो पाहिला, थक्कही झालो. परंतु आमच्या मंडळाचा बकासुर जीपच्या वायपरच्या मोटारीवर गाडाभर अन्न तोंडाकडे नेत असे, आणि ती मोटार अडली की आतून लाथ मारायला एक पोरगा पोटात बसवलेला असे. तो पोरगा कोण, हे सगळ्या परभणीला ठाऊक होते. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही. उलट आमच्या त्या गृहस्थांनी पुस्तिका देताना मला विनंती केली, की कार्यालयात याचा उल्लेख करू नये. कित्येक वर्षे ते घोटे काढत आहेत आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला पत्ता नाही. आपल्याकडे छंदाला जागा नसते, पण छंद लपवायलाही जागा नसते.

घरी आल्यावर मी ताईला फोन केला. "कशाला लागली रे आता ती वही तुला?" असे म्हणत तिने माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली. वही कसरीने अर्धी खाल्ली होती. एक पान धड निघाले, त्याचे छायाचित्र तिने पाठवले: नागराज धरणाच्या भिंतीवर उभा, हातांतून साप सुटलेले, खाली दरवाज्यांची रांग आणि पाण्यात राक्षसाची शेपटी.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, मी ते त्या गृहस्थांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र मोठे केले आणि विचारले, "या धरणाला प्रत्यक्षात दरवाजे किती?"

"सत्तावीस," मी म्हणालो.

त्यांनी बोटाने एकेक दरवाजा मोजला, मग पुन्हा एकदा उलट्या बाजूने मोजला. "इथे चोवीस आहेत," ते म्हणाले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी नागराजच्या पायांपाशी बोट ठेवले. "उरलेले तीन याच्या मागे आले असणार. भिंत इथून वळते ना?"

भिंत तिथे वळत नाही. मी हो म्हणालो.