नकली मीटर आणि कस्टमचा फॉर्म

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं पोस्ट. आरडी, आधार, पार्सलं, यातच दिवस जातो. परदेशी टपाल क्वचितच. म्हणून मोटार वाइंडिंगवाल्या भाऊने काउंटरवर खोकं ठेवून "साहेब, हे चीनले धाडाचं हाय" म्हटलं, तेव्हा बॅग बांधणारा पोस्टमनही उठून आला.

आत पिवळं मल्टिमीटर. नामांकित कंपनीचं म्हणून परदेशी साइटवरून साडेआठ हजारांना घेतलेलं. माल जर्मनीहून येणार असं तिथे लिहिलेलं. पण पाकिटावरच्या तेरा अक्षरी नंबरच्या शेवटी सीएन, म्हणजे टपाल चीनमध्ये पडलेलं. वर कस्टमच्या चिठ्ठीवर 'गिफ्ट, 8 डॉलर'. आपल्याकडे डिसेंबर 2019 पासून पूर्ण शुल्क न भरता टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणायला बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. हे पाकीट कसं सुटलं, देव जाणे.

भाऊने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून काउंटरवरच मागचं झाकण उघडलं. "हे पाहा." मीटरच्या तोंडावर 1000 व्होल्ट छापलेले. आत काचेचा बारका फ्यूज, रेडिओत असतो तसला, त्याच्या टोपीवर कोरलेलं 250. असल्या जागी वाळू भरलेला जाड सिरॅमिक फ्यूज लागतो. "थ्री फेजवर याचा भडका उडाला असता ना, साहेब. हात गेला असता."

विक्रेत्याचं म्हणणं: ट्रॅकिंगसह परत पाठवा, मग पैसे देतो; फॉर्मवर 'रिपेअर रिटर्न, 5 डॉलर' लिहा. दर पाहिला तर टपालखर्चही काही कमी नव्हता. विक्रेत्याला हे ठाऊक असतं. गिऱ्हाईक दर ऐकूनच गप्प बसेल, यावरच त्याचा धंदा चालतो, असं माझं मत.

पण खरी अडचण पुढेच होती. मी सीएन 23, म्हणजे परदेशी पार्सलात काय आहे ते कस्टमला सांगायचा फॉर्म, भाऊसमोर सरकवला. खाली सही करताना आपण लिहून देतो की दिलेला तपशील खरा आहे आणि आत टपालाला मनाई असलेली वस्तू नाही. जागतिक टपाल संघाच्या करारात नकली माल मनाईतच मोडतो. म्हणजे 'नकली मीटर' लिहिलं तर मला घेता येत नाही. नुसतं 'मीटर' लिहिलं तर भाऊनेच सही करून माल अस्सल ठरवला, आणि तो कागद उद्या विक्रेताच पुढे करणार.

"मंग काहून वापस मांगून राहिला तो?"

"त्यासाठीच मागतो."

पार्सल घेतलं नाही. बँकेतल्या मित्राला फोन लावला. भाऊचं कार्ड व्हिसाचं. त्यांच्या नियमांत नकली मालासाठी वेगळं कलम आहे, 13.4. तिथे परतीची पावती कामाची नाही. माल नकली असल्याचं मूळ कंपनी, कस्टम किंवा निःपक्ष जाणकाराने कळवलेलं असावं लागतं. मी भाऊला सीरियल नंबर, उघड्या मीटरचे फोटो आणि पाकीट जपून ठेवायला सांगितलं, आणि कंपनीच्या भारतातल्या सर्व्हिस विभागाला ईमेल लिहून दिला. उत्तर आलं: हा नंबर आमचा नाही. तेच जोडून बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत मागण्याचा, अर्ज गेला. साइटलाही एक ओळ कळवली, नकली माल टपालाने पाठवता येत नाही म्हणून.

मग विक्रेता नरमला. तीस टक्के घ्या, मीटर ठेवून घ्या, केस मिटवा, असा मेसेज. भाऊ मोबाइल घेऊन पुन्हा काउंटरवर. "घिऊ का, साहेब? काही नाही त्यापेक्षा बरं."

"'मिटलं' म्हणून लिहिलंत की बँकेतही तेच दाखवेल तो."

लिहिलं नाही त्याने. दिवाळीनंतर पूर्ण रक्कम कार्डावर जमा झाली. मीटर त्याच्याकडेच आहे. ट्रॅक्टरची बॅटरी तपासायला चालतं म्हणतो. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ न्यायचं नाही, एवढं मी बजावून ठेवलंय.