मस्कतात दिसतं, येळ्ळुरात दिसत नाही

१ नोव्हेंबरला बेळगावात एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात, चन्नम्मा सर्कलकडं कर्नाटकाच्या स्थापनेची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डीजे, आणि इकडं संभाजी उद्यानापासून आपली काळ्या दिवसाची सायकल फेरी, मराठी भाग तिकडं घातल्याच्या निषेधाची. आमचं न्यूज चॅनेल म्हणजे मी आणि माझा एक मित्र, एक मोबाईल, एक माईक, बस्स. दोन्हीकडं जातो, दोन्ही दाखवतो, ते मी पहिल्यापासून पाळलंय.

एका वर्षी फेरीत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचे एक काका भेटले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, दंडाला काळी फीत, जुनी सायकल हातात धरून चालत होते. माईक पुढं केला तर शांतपणे बोलले, "५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं, तवा मी पोरगा होतो, आता नातू कॉलेजात हाय. आम्ही काय मागतोय, आमच्या भाषेत कागद द्या म्हणतोय." बस्स, एवढंच. एका पोरानं मागून शिवी घातली होती ती मी एडिट करताना स्वतः काढली, कुठंही दगड नाही, धमकी नाही, सहा मिनिटांचा व्हिडिओ.

संध्याकाळी कन्नडमधनं फोन आला, "सर, आ व्हिडिओ डिलीट माडरी," म्हणजे तो व्हिडिओ डिलीट करा. मी विचारलं लेखी काय आहे का, तर पलीकडून फोन ठेवला. मी डिलीट केला नाही. दोन दिवसांनी प्लॅटफॉर्मकडनं मेल, कायदेशीर विनंतीवरून हा मजकूर भारतात दाखवला जाणार नाही. कुणाची विनंती, कुठलं कलम, सहा मिनिटांतलं नेमकं कुठलं वाक्य, काहीच नाही. रात्रभर तो व्हिडिओ लावून लावून बघितला, प्रत्येक वाक्यावर थांबवून, हे असेल काय, हे असेल काय. आणि मला राग आला तो याचाच, की मी माझ्याच कामाचा पोलीस झालो होतो.

वकील मित्रानं समजावलं. २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन लिहिण्यावरून शिक्षा करणारं कलम, रद्द केलं पण ६९अ, म्हणजे सरकारला ऑनलाइन मजकूर बंद करायला लावता येतो ते कलम, ठेवलं, कारण त्यात आणि त्याच्या २००९ च्या नियमांत कारण लेखी द्यायचं, टाकणाऱ्याचा शोध घ्यायचा प्रयत्न करायचा, बाजू मांडायला वेळ द्यायचा अशी बंधनं आहेत. पण त्याच नियमांतला १६ नंबरचा नियम सगळं गुप्त ठेवायला सांगतो, मग ज्याचं बंद झालं त्याला ऑर्डरच बघायला मिळत नाही तर तो कोर्टात काय घेऊन जाणार ओ? आणि आमच्या बाबतीत ६९अ लावलं की आणि कुठलं, तेही आम्हाला कळलेलं नाही. आम्ही ऑर्डरची कॉपी मागणारा अर्ज टाकला, उत्तर नाही.

चौथ्या दिवशी काकांचा फोन. "बाळा, मला दिसंना झालंय की ते. मस्कतात माझ्या पोराला दिसतंय, तो म्हणतोय बाबा भारी बोललासा." मी सांगितलं, बंद केलंय इकडं. ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो काय रे?"

याच्यावर मला काही बोलता येईना. माझ्याकडं दाखवायला एक कागद नव्हता की काका, तुमचं हे वाक्य चुकलं असं लिहिलंय, किंवा तुमचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन येळ्ळूरला गेलो. कट न केलेला सगळाच व्हिडिओ होता, शिवीसकट. पडवीत बसून सुनेला, नातवाला बोलावून काकांनी अख्खा बघितला, मध्ये चहा आला तो तसाच राहिला. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावला. आपलं बोलणं आलं तिथं हात वर करून थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "सुप्रीम कोर्टात २००४ पासून आपली सीमाभागाची केस हाय नव्हं, हेच मी तिथं जज्जासमोर पण बोलीन. हे पुसू नको."